फौजदार, मास्तर आणि आबा

प्रारंभीच क्षमा मागते. लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. कुडाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, म्हणजे इतरांनी लिहिलेले समजावून सांगितले. स्वतःचे वाक्य कागदावर ठेवण्याची वेळ सहसा आली नाही, आणि आली तेव्हा मी ती टाळली. आता निवृत्तीनंतर, तेही एका दिवंगत शेजाऱ्याविषयी लिहायला बसणे हा आगाऊपणा आहे, हे मी जाणते.

परंतु आबा कोचरेकर गेल्यानंतर गावात शोकसभा झाली. बोलणाऱ्या प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली: आबांनी गावात तंटा उरू दिला नाही आणि स्वतःच्या घरात कधी आवाज चढू दिला नाही. शेवटी कोणीतरी माझ्याकडे पाहून "बाई, आपण दोन शब्द" असे म्हणाले. मी उठले, तसबिरीला हात जोडले आणि खाली बसले. मागच्या रांगेत आबांचा धाकटा मुलगा सुहास होता. आबा गेले ते स्वतःच्या घरात नव्हे, त्याच्या दोडामार्गच्या भाड्याच्या खोलीत. सभा संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. जे वाक्य आबांनी अखेरीस स्वतःच्या तोंडाने खोडून काढले होते, तेच त्यांच्या तसबिरीला हारासारखे घातले जात होते. मला लाज वाटली. ती नेमकी कोणाची, हे अजूनही सांगता येत नाही. म्हणून हे लेखन.

आमचे गाव मालवण-कुडाळ रस्त्याला लागून आहे. समुद्र दिसत नाही, पण सकाळी मासळीची पाटी दारात येते. अशा गावात माणूस मासे पाळतो, ही गोष्टच मुळात चेष्टेची. आबांच्या पडवीत, झोपाळ्याच्या समोर, लांबलचक काचेची टाकी होती. मासळीवाली पाटी खाली ठेवून त्या टाकीत डोकावायची आणि नेमाने विचारायची, "आबांनु, हेतलो खावचो खंयचो?"

"तू आदी तुझ्या पाटीतलो ताजो खंयचो ता सांग, मगे मी सांगतंय," आबा म्हणत.

आबा एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. अंगात बाह्यांची बनियन, चष्म्याच्या दांड्यांना बांधलेला काळा दोरा, आणि उभे राहण्याची अशी लकब की पायाखालची जमीन केव्हाही वळण घेईल. एक सवय मात्र खास त्यांची. एखादा विषय संपला असे त्यांना वाटले की ते पडवीच्या खांबावर नखाने दोनदा टकटक करीत. दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोलत नसे. जगाविषयीची त्यांची धारणाही गाडीतूनच आलेली होती. "गाडयेत सगळी मावतत," ते म्हणत. "वायच सरा म्हणणारो कोणतरी व्हयो."

टाकी हे या धारणेचे प्रात्यक्षिक होते. शांत मासे एका टाकीत आणि भांडखोर दुसऱ्या टाकीत ठेवावेत, हा सर्वसामान्य शहाणपणा आबांना कमीपणाचा वाटे. त्यांच्या टाकीत टायगर बार्ब होते. हा पट्ट्यापट्ट्यांचा चपळ मासा दुसऱ्यांच्या लांब परांचे लचके तोडतो. सिक्लिड जातीचा एक आडदांड मासा होता. त्याचे नाव फौजदार. आणि गुरामींची एक जोडी होती. अंगावर मोत्यांसारखे ठिपके आणि पोटाखाली दोन लांब धागे असलेला हा अतिशय भिडस्त मासा. पुढे जाण्यापूर्वी तो समोरची प्रत्येक वस्तू त्या धाग्यांनी चाचपून पाहतो. जोडीतल्या नराला आबा मास्तर म्हणत. "फळ्यार लिवच्या आदी खडू तपासता बघा," असे म्हणून ते माझ्याकडे पाहत, आणि मी चष्मा पुसू लागे.

इतक्या विजोड प्रजेला एकत्र नांदवण्याच्या त्यांच्या युक्त्या खरोखर विचारपूर्वक केलेल्या होत्या. बार्ब थोडे ठेवले तर ते इतरांना छळतात. त्यांचा थवा ठेवला की आपापसांतच झटापट करीत राहतात. यावरून आबांचे सूत्र होते, "भांडण मोडूचा नसता, पांगवूचा असता." खाणे ते दोन्ही हातांनी टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाकत, म्हणजे दांडगा एका टोकाला गुंतला की गरिबाला दुसऱ्या टोकाला घास मिळे. नवा मासा आणला की सगळ्यांना बादलीत काढून टाकीतले दगड, कौलांचे तुकडे, वनस्पती, सारे हलवून ठेवीत. मग गरिबांना आधी सोडायचे, दांडग्यांना शेवटी. "आज सगळ्यांका नवो गाव," ते टाकीला तोंड लावून सांगत. "कोणाचोच कोपरो नाय."

गावच्या तंटामुक्ती समितीचे ते कित्येक वर्षे अध्यक्ष होते. समितीत एखादे शिकलेले माणूस असावे म्हणून मला घेतले होते. मी बोलत नसे, यावर कोणाचा आक्षेप नव्हता. बैठका त्याच पडवीत होत. भांडत आलेल्या दोन्ही पक्षांना आबा प्रथम टाकीसमोर बसवीत आणि चहा देत. "आदी मासे बघा, मगे भांडा. मासे खंय पळत नाय, तुमचा भांडणय खंय पळत नाय."

परब आणि घाडी या दोन शेजाऱ्यांचा पायवाटेवरून वाद होता. दर बैठकीला परब खांबाजवळच्या बाकावर आणि घाडी दाराजवळच्या खुर्चीवर बसत, आणि तिथूनच मागच्या बैठकीतले वाक्य पुढे चालू करीत. एके दिवशी आम्ही गेलो तर पडवी ओळखू येईना. बाक बाहेर अंगणात, खळ्यात, खुर्च्या उलट्या दिशेला, झोपाळा काढलेला. परबांना बसायला मिळाला पाट, घाडींना आबांच्या पत्नीचे, म्हणजे काकींचे, भाजी चिरायचे स्टूल. दोघे थोडा वेळ अवघडून बसले आणि मग घाडी म्हणाले, "परबानु, हयसून तुमचा घर बरा दिसता." वाद त्या दिवशी निम्मा झाला. आबांनी खांबावर टकटक केली. मला माझी नेहमीची कोपऱ्यातली खुर्ची मात्र सापडली नव्हती, आणि बैठकभर मी उंबरठ्यावर उभी होते.

गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलक लागला तेव्हा आबांचा शाल घालून सत्कार झाला. घरी आल्यावर काकी ती शाल घडी करता करता म्हणाल्या, "ह्या काचेतल्या कचेरयेपायी माझी पडवी गेली, पण शाल बरी आसा." काकी त्या घरातली एकमेव व्यक्ती, जिच्यावर खांबाच्या टकटकीचा परिणाम होत नसे.

त्या घरात दोन मुलगे. थोरला संदेश, धाकटा सुहास. घरामागे त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि दोघे मिळून तो व्यवसाय पाहत. 'मिळून' हा शब्द आबांचा. संदेश कर्तबगार होता, हे आधीच सांगितले पाहिजे. तो पाहुण्यांना हसवी, किल्ला दाखवी, पहाटे बाजारात जाऊन उत्तम सुरमई आणी. सुहास स्वयंपाक करी, चादरी धुई, पंप चालू करी. संदेशचे सारे बोलणे पाहुण्यांसमोर आणि चढ्या सुरात. "आमच्या सुहासाक पाणी आणूक सांगलास तर तुमी आंघोळ करून येवा, तोपर्यंत तो उठतलो," असे तो म्हणे आणि पाहुणे हसत. सुहासही हसे. कोणी त्याला काही विचारले तर उत्तर संदेश देई. हळूहळू सुहास सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर, चुलीपाशी उभ्याने जेवू लागला. मी विहिरीवर गेले की तो मला अभ्यासातल्या जुन्या गोष्टी विचारी; इतर कुठे त्याचा आवाज ऐकल्याचे मला आठवत नाही.

"माझ्या घरात आवाज चढणा नाय," आबा बैठकीत अभिमानाने सांगत.

आतून काकी एकदा म्हणाल्या, "आवाज एकट्याचोच आसा, मगे चढतलो कोणार?"

सगळे हसले. आबांनी खांबावर टकटक केली.

येथे समितीचा एक नियम सांगायला हवा, कारण आबांची चूक त्या नियमातूनच झाली. समिती तक्रार आल्याशिवाय कोणताही विषय घेत नसे. नियम योग्यच होता; अन्यथा गावात चोंबडेपणाला ऊत आला असता. पण इतक्या वर्षांत तो आबांच्या अंगी इतका मुरला की तक्रार नाही तेथे तंटा नाही, असे ते मनोमन मानू लागले. जखम नाही, तक्रार नाही, म्हणजे शांतता.

ज्या उन्हाळ्याविषयी मी लिहीत आहे, त्या उन्हाळ्यात फौजदार बराच वाढला होता. मास्तर दगडाआडून निघाला की तो नुसता आडवा येई. चावत नसे, पर तोडत नसे. मास्तर पुन्हा दगडामागे जाई. "बघा," आबा आम्हांला दाखवीत, "आता दोघांकय एकमेकांची सवय झाली."

एका सकाळी समितीची बैठक होती. आम्ही पोचलो तर आबा ओंजळीत मास्तरला घेऊन पायरीवर बसले होते. मासा मेलेला होता. आबा त्याला उजेडात धरून उलटसुलट पाहत होते. "खंय लागूक नाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कल्लो बरो. पर बरे. अंगार ओरखडो नाय."

मग त्यांचे बोलणे एकाएकी थांबले. कारण त्यांना ठाऊक होते. आम्हां सर्वांनाच ठाऊक होते. त्यांनीच प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगितले होते की गुरामी नुसत्या पाण्यावर जगत नाही, थोड्या थोड्या वेळाने त्याला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. फौजदाराने त्याला मारले नव्हते. वरही येऊ दिले नव्हते. मासा पाण्यात बुडून मेला होता.

संदेश बाहेर आला, ऐकले आणि हसला. "पाण्यात मासो बुडालो? आबा, ह्या भायर बोला नको. मालवणातले लोक आमका जगूक देवचे नाय." आमच्यातलेही दोघे-तिघे हसले.

सुहास चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्याने कप खाली ठेवले, आबांच्या ओंजळीतून मासा घेतला आणि म्हणाला, "तेका वर येवक गावला नाय." एवढेच म्हणाला. मग खळ्याच्या कडेच्या माडाखाली त्याने मास्तरला पुरले, हात धुतले आणि कप उचलून आम्हांला चहा दिला.

पावसाळ्याच्या तोंडाशी पाहुणे बंद झाले आणि सुहासने घर सोडले. गोव्यातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळाले होते. हद्दीवरच्या दोडामार्गला खोली घेऊन रोज जायचे-यायचे, असे त्याने ठरवले. त्या दिवशी मी काकींकडे कोकमे द्यायला गेले होते. आबांनी त्याला पडवीत उभे केले होते. स्वतः ते अध्यक्षांच्या जागी बसले होते. मला वाटते, त्यांना दुसरीकडे बसताच येत नसावे.

"तुझी तक्रार काय ती सांग. गावाचो निवाडो करतंय, घरातलो करूचो नाय काय?"

"तक्रार नाय, आबा."

"मगे जातंस कित्या?"

"कामाक जातंय."

आबांचा हात खांबाकडे गेला आणि तिथेच थांबला. सुहास पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा काकी दारातून म्हणाल्या, "तक्रार आसती तर तुमी तेका बसवन चाय दिली आसती." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी कोकमे उंबरठ्यावर ठेवली आणि निघून आले.

त्यानंतर आबांनी कुडाळहून काच कापून आणली आणि टाकीच्या मधोमध बसवली. एका बाजूला फौजदार आणि बार्ब, दुसऱ्या बाजूला मास्तरची मादी. कोकणात घरात भिंत घालणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ज्यांनी गावातल्या अनेक भिंती टाळल्या, त्यांच्या पडवीत भिंत उभी राहिली होती. पारदर्शक होती इतकेच. बैठक असली की आबा टाकीवर सत्काराची शाल पांघरून ठेवू लागले. कोणी विचारलेच, तर म्हणत, "उजेडाचो तरास होता तेंका."

"मासे थंडयेन आजारी आसत काय, आबांनु?" असे कोणी गमतीने म्हणाले. आणि एका बैठकीत परबांनी उठून शालीचे टोक उचलले. "अरे, माशांची वाटणी केलास?"

पडवी हसली. घाडी तर परबांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. त्यांचा समेट आबांनीच केलेला. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी परबांच्या हातातून शालीचे टोक सोडवून घेतले आणि ते पुन्हा नीट पसरले. ते इतक्या हळू केले की हसणे आपोआप थांबले. त्या दिवशी खांबावर टकटक झाली नाही; बैठक केव्हा संपली, हे आम्हांला कळले नाही.

मग चतुर्थी आली. आमच्याकडे माणूस कुठेही असो, चतुर्थीला घरी येतो. चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती एकच असतो. न येणे याचा अर्थ एकच. काकींनी सुहासच्या वाटणीचे मोदक वेगळे काढून ठेवले होते. दुपारच्या आरतीपर्यंत आबा फाटकाकडे पाहत राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला संदेश सांगत होता, "हॉटेलात सुट्टी गावली नसतली." ते बहुधा खरेही असेल.

आरतीनंतर गाऱ्हाणे घालायचे असते. घरातला कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून सर्वांच्या वतीने मागणे मागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आबांचे गाऱ्हाणे ऐकायला वाडीतली माणसे मुद्दाम येत, इतके ते खणखणीत असे.

"बा देवा गणपती म्हाराजा," आबांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरातलो एक झील आज हय नाय."

काहींनी डोळे उघडून आबांकडे पाहिले. पण सवय मोठी असते. "व्हय म्हाराजा."

"तेका कोणी मारूक नाय. कोणी घराभायर काढूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेणा तक्रार करूक नाय, म्हणान तेच्या बापसान तेच्याकडे बघूक नाय."

"व्हय म्हाराजा," आता आवाज कमी झाले होते. मी स्वतःचा ऐकला, म्हणून आठवते.

"बापसाक झिलापेक्षा आपला नाव प्यारा होता."

वाडीतली म्हातारी माणसे डोळे मिटून गाऱ्हाणे ऐकतात. त्यांनी अर्थाकडे लक्ष न देता, वर्षानुवर्षांच्या लयीत, मोठ्याने म्हटले, "व्हय म्हाराजा." ते दोन शब्द त्या खोलीत कितीतरी वेळ राहिले. संदेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. आबा देवासमोर हात जोडून उभे होते, आणि सबंध वाडीने एकमुखाने त्यांचा दोष मान्य केला होता. पुढचे मागणे त्यांनी मागितलेच नाही. रखवाली कर, बरकत दे, असे काहीच नाही. काकींनी प्रसादाचे ताट पुढे केले तेव्हा आम्ही सर्वांनी हात पुढे केले. माना कोणी वर केल्या नाहीत.

विसर्जनानंतर लवकरच मी आठवड्याच्या बाजाराला कुडाळला गेले होते. स्थानकावर दोडामार्गची गाडी उभी होती आणि खिडकीशी आबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, टोपी, आणि मांडीवर लोणच्याची मोठी काचेची बरणी. बरणीत अर्धेच पाणी आणि त्यात मास्तरची मादी. झाकण आबांनी हातात धरले होते.

शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "म्हाताऱ्यानु, बरणी भरूक नाय ती? मासो पाण्यात ऱ्हवता."

"हेका वारोय लागता," आबा म्हणाले.

मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. काय बोलावे हे मला नेहमीप्रमाणेच सुचत नव्हते. शेवटी विचारले, "सुहासला आणायला चाललात?"

"नाय गो बाय." त्यांनी बरणीत पाहिले. "माफी मागूक जातंय. घरात बोलावन मागलंय तर ती माफी नाय, बैठक होतली."

"आणि तो काही बोलला नाही तर?"

"मी थंयच बसान ऱ्हवतलंय. तेच्या पडवयेत. तो सांगात थंय."

बरणीतली मादी सावकाश वर आली, पृष्ठभागाला तोंड लावून एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेली. आबांनी श्वास सोडला; तोवर त्यांनी तो धरला होता, हे मला तेव्हा कळले. पाठीमागून एक बाई सामान घेऊन चढली. आबा बरणी सांभाळत खिडकीकडे अंग चोरून सरकले आणि तिला जागा करून दिली. कंडक्टरने दोनदा घंटा वाजवली. आबांचे बोट सवयीने खिडकीच्या गजाकडे गेले, मग त्यांनी ते मागे घेतले आणि दोन्ही हातांनी बरणी धरली. गाडी वळणावर गेली तेव्हा मला त्यांची फक्त टोपी दिसत होती, बरणीवर वाकलेली.

त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही; सुहासच्या खोलीतून ते परतलेच नाहीत. सुहास त्यांना काय म्हणाला, हे मला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा मला अधिकार नाही. पण शोकसभेत दोन शब्द बोलायला उठून मी जे विचारू शकले नाही, ते येथे विचारते. तुमच्या घरात कधीच तक्रार न करणारे असे कोण आहे?